यूनिक्स-परंपरेतील वापरकर्ता-क्रमांक व गट-क्रमांक यांची वाटणी : एक ऐतिहासिक आलोचन

यूनिक्स व तिच्यापासून निघालेल्या किंवा तिच्या धर्तीवर रचलेल्या कार्यप्रणालींत प्रत्येक फाइलीला एक मालक आणि एक गट असतो. चालू असलेली प्रत्येक प्रक्रियाही कोणाच्या तरी अधिकाराने चालते. हा 'कोणी तरी' वापरणाराला नावाने दिसतो. यंत्राच्या लेखी मात्र तो निव्वळ एक पूर्णांक असतो. कोणते पूर्णांक यंत्राच्या स्वतःच्या सेवांसाठी राखून ठेवावयाचे, कोणते माणसांना द्यावयाचे आणि कोणते कोणालाच द्यावयाचे नाहीत, यासंबंधीचे संकेत गेल्या अर्धशतकात क्रमाक्रमाने बनत गेले. ०, ९९, ५००, १०००, ६००००, ६५५३४ अशा सीमा आज संगणक-व्यवस्थापकाच्या नित्य परिचयाच्या आहेत. परंतु त्या तेथेच का पडल्या, याचे उत्तर कोणत्याही एका नियमावलीत सापडत नाही. ते इतिहासात शोधावे लागते. हा इतिहास पाहिला म्हणजे असे दिसून येते की, या सीमांपैकी बहुतेक यंत्राने घातलेल्या नसून माणसांनी परस्परांत केलेल्या करारांच्या आहेत, आणि असा करार जेथे मोडतो तेथे मालमत्तेचा धनी गाजावाजा न होता बदलतो.

१. क्रमांक आणि नाव

प्रथम मूळ रचना ध्यानी घेतली पाहिजे. फाइलीविषयीची माहिती ज्या नोंदीत साठविली जाते, तिला आयनोड म्हणतात. या नोंदीत मालकाचे नाव नसते. मालकाचा क्रमांक आणि गटाचा क्रमांक असे दोन आकडे असतात. प्रक्रियेजवळही तसेच आकडे असतात. प्रक्रियेने फाइल उघडण्याची विनंती केली, की कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, हे आकडे एकमेकांशी ताडून पाहतो आणि परवानगी देतो किंवा नाकारतो. नाव आणि क्रमांक यांची सांगड पासवर्ड-फाइल या साध्या मजकुराच्या फाइलीत घातलेली असते. फाइलींची यादी पडद्यावर येते तेव्हा मालकाचे नाव दिसते खरे. परंतु ते यादी करणाऱ्या प्रोग्रामने ऐन वेळी त्या फाइलीतून काढून दाखविलेले असते.

या रचनेचे दोन परिणाम होतात. पहिला असा की, पासवर्ड-फाइलीतील एक ओळ पुसली तरी त्या माणसाच्या फाइली त्याच क्रमांकाच्या मालकीच्या राहतात. पुढे तोच क्रमांक दुसऱ्या कोणास दिला गेला, तर त्या फाइली काहीही न करता त्याच्या होतात. दुसरा असा की, कर्नलच्या दृष्टीने बहुतेक सर्व क्रमांक सारखेच असतात. परंपरेने विशेष मानला गेलेला क्रमांक एकच, तो म्हणजे ०. हा रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचा क्रमांक होय. ५ हा यंत्राचा आणि १००५ हा माणसाचा, असा भेद कर्नलला ठाऊक नसतो. तो भेद कर्नलच्या बाहेर, खाती उघडणाऱ्या प्रोग्रामांच्या आणि ते लिहिणाऱ्यांच्या संकेतांत असतो.

२. आठ बिटांचा काळ

केन टॉमसन व डेनिस रिची यांनी बेल लॅबोरेटरीजमध्ये १९६९ साली यूनिक्सचा आरंभ केला. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या पहिल्या हस्तपुस्तिकेतच पासवर्ड-फाइलीतील अंकात्मक वापरकर्ता-क्रमांकाचा उल्लेख आहे. त्या काळी स्मृती महाग होती आणि मालकाच्या क्रमांकासाठी एकच बाइट राखलेली होती. आठ बिटांत ० ते २५५ असे २५६ क्रमांक बसतात. एका प्रयोगशाळेतील एका यंत्रावर काम करणाऱ्या मंडळींना ते पुरेसे होते. वाटणीचे पट्टे पाडावेत अशी गरज तेव्हा नव्हती. कारण वापरणारे एकमेकांना ओळखत होते.

गटाची कल्पना किंचित उशिरा आली. टॉमसन व रिची यांचा यूनिक्सवरील प्रसिद्ध निबंध जुलै १९७४ मध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकात आला. त्यात प्रत्येक फाइलीला सात संरक्षक बिट असल्याचे वर्णन आहे : तीन मालकासाठी, तीन इतर सर्वांसाठी आणि एक विशेष. याच निबंधाची सुधारलेली आवृत्ती १९७८ साली 'बेल सिस्टिम टेक्निकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली; तीत या बिटांची संख्या दहा आहे. वाढलेले तीन बिट गटाचे होत. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत गट-क्रमांकालाही स्वतंत्र बाइट मिळालेली दिसते. तथापि पासवर्ड-फाइलीतील गट-क्रमांक तूर्त नेहमी १ च असावा, असे तिच्या हस्तपुस्तिकेत नमूद आहे. म्हणजे घर आधी बांधले गेले आणि बिऱ्हाड मागाहून आले.

सात बिटांपैकी जो विशेष बिट सांगितला तोही या विषयाशी संबद्ध आहे. तो लावलेला प्रोग्राम चालविणाऱ्याच्या अधिकाराने न चालता प्रोग्रामच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. सामान्य वापरकर्त्याला रूटच्या मालकीच्या फाइलीत आपला पासवर्ड बदलता येतो तो यामुळेच. या कल्पनेचे अमेरिकन पेटंट रिची यांच्या नावे आहे. अर्ज १९७३ चा व मंजुरी १६ जानेवारी १९७९ ची. या युक्तीमुळे मालकाचा क्रमांक हा केवळ ओळखीचा न राहता अधिकार हस्तांतरित करणारा झाला. साहजिकच चुकीच्या क्रमांकाच्या हाती प्रोग्राम जाणे अधिक धोक्याचे झाले.

३. सोळा बिट आणि सीमेवरील क्रमांक

१९७९ च्या सातव्या आवृत्तीत हे क्रमांक सोळा बिटांचे झाले व त्यांची संख्या ६५,५३६ वर गेली. परंतु या विस्ताराच्या वरच्या टोकाशी काही जागा अडल्या. यूनिक्समध्ये एखादी विनंती फसली की उत्तर म्हणून उणे १ परत येते. शिवाय फाइलीचा मालक किंवा गट बदलण्याच्या विनंतीत उणे १ याचा अर्थ 'आहे तोच राहू द्यावा' असा ठरला. उणे १ ही संख्या सोळा बिटांत लिहिली, की तिचे रूप ६५५३५ होते. अर्थात ६५५३५ हा क्रमांक कोणालाही देता येईना.

त्याच्या अलीकडील ६५५३४ चा इतिहास निराळा आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास एनएफएस ही जाळ्यावरील फाइल-व्यवस्था प्रचारात आणली. तिच्यामुळे एका यंत्रावरील फाइली दुसऱ्या यंत्रावर स्थानिक फाइलींप्रमाणे दिसू लागल्या. मात्र दूरच्या यंत्रावरील रूटला आपल्या यंत्रावरही रूट मानणे धोक्याचे होते. म्हणून ज्याच्या मालकीचे काहीच नाही असा एक 'नोबडी', म्हणजे कोणीही नसलेला, वापरकर्ता कल्पिला गेला आणि बाहेरून आलेल्या ० ला त्याचा क्रमांक देण्याची पद्धत पडली. हा क्रमांक उणे २ होता. सोळा बिटांत त्याचे रूप ६५५३४ होते.

यूनिक्सच्या सिस्टिम फाइव्ह शाखेने निराळी वाट धरली. तिच्या वारसदार सोलॅरिस प्रणालीत ० ते ९९ हे क्रमांक प्रणालीसाठी आणि १०० ते ६०००० हे सामान्य वापरकर्त्यांसाठी आहेत. नोबडीला ६०००१ हा क्रमांक आहे, आणि जुन्या सनओएसमधील ६५५३४ हा क्रमांक 'नोबडी४' या नावाने जपून ठेवला आहे. म्हणजे 'कोणीही नसलेले' दोघे एकाच घरात नांदतात. लिनक्सवरही खाती उघडणाऱ्या प्रोग्रामांत सामान्य वापरकर्त्यांची वरची मर्यादा ६०००० च्या आसपासच राहिली आहे. संख्या सोळा बिटांच्या कितीतरी पुढे गेल्यावरही ही जुनी वेस पाडली गेली नाही.

४. जाळ्यामुळे आलेली निकड

एनएफएसच्या मूळ पद्धतीत ग्राहक-यंत्र सेवा-यंत्राकडे वापरकर्त्याचे नाव पाठवीत नसे. क्रमांक पाठवीत असे. एका यंत्रावर १०३ हा क्रमांक एका संशोधकाचा आणि दुसऱ्या यंत्रावर तोच एका विद्यार्थ्याचा असेल, तर विद्यार्थ्याला संशोधकाच्या फाइली स्वतःच्या म्हणून उघडता येत. यात कोणी कुलूप फोडीत नसे; कुलपाला दोन माणसांची किल्ली बसत असे एवढेच. तोवर क्रमांकांची वाटणी ही एका यंत्राची घरगुती बाब होती. आता ती संपूर्ण संस्थेची झाली. सन कंपनीने त्यावर एकच पासवर्ड-कोष्टक सर्व यंत्रांना पुरविणारी सेवा काढली. तिचे पहिले नाव 'यलो पेजेस'. ब्रिटनमध्ये ते व्यापारचिन्ह दुसऱ्याचे असल्यामुळे पुढे ती एनआयएस म्हणून ओळखली जाऊ लागली.

गटांच्या बाबतीतही याच पद्धतीने एक मर्यादा घातली. १९८३ च्या बर्कली ४.२ आवृत्तीपासून एका वापरकर्त्याला एकाच वेळी अनेक गटांत राहता येऊ लागले. परंतु जाळ्यावरून ओळख पाठविण्याच्या या पद्धतीत १६ पेक्षा अधिक पूरक गट मावत नाहीत. मोठ्या संस्थांत सतराव्या गटाचा अधिकार कागदावर असूनही प्रत्यक्षात मिळत नाही, असा अनुभव त्यामुळे येतो. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीने क्रमांकाऐवजी नाव व क्षेत्र यांची जोडी पाठविण्याची सोय केली. क्रमांकांच्या वाटणीतील मूळ अडचण ओळखल्याची ही एक प्रकारे कबुलीच होय.

५. वितरणांचे करार

१९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नल प्रसिद्ध केल्यावर निरनिराळ्या संघटनांनी त्याभोवती आपापली संपूर्ण प्रणाली रचून वाटण्यास प्रारंभ केला. या वितरणांतील पॅकेजे हजारो यंत्रांवर आपोआप बसू लागली आणि प्रत्येक सेवेला स्वतःचे खाते लागू लागले. क्रमांकांच्या वाटणीला लेखी नियमांचे रूप आले ते या टप्प्यावर.

१९९३ साली सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पाच्या धोरण-पुस्तिकेतील वाटणी याचा उत्तम नमुना आहे. ० ते ९९ हे क्रमांक प्रकल्प स्वतः ठरवितो व ते सर्व डेबियन यंत्रांवर सारखे असतात. १०० ते ९९९ हे सेवांसाठी असून पॅकेज बसविताना त्या त्या यंत्रावर मोकळा असेल तो दिला जातो. १००० ते ५९९९९ हे माणसांचे. ६०००० ते ६४९९९ हे पुनः प्रकल्पाने ठरवावयाचे, परंतु गरज पडेल तेव्हाच निर्माण करावयाचे. ६५५३४ नोबडीचा. ६५५३५ निषिद्ध, कारण सोळा बिटांच्या काळात तो उणे १ होता.

रेड हॅटच्या परंपरेत माणसांचा आरंभ दीर्घकाळ ५०० पासून होत असे. लिनक्स वितरणांत एकवाक्यता आणू पाहणाऱ्या 'लिनक्स स्टँडर्ड बेस' या प्रमाण-ग्रंथातही ० ते ९९ हे स्थिर व १०० ते ४९९ हे चल सेवांसाठी, अशीच विभागणी आहे. परंतु सेवांची संख्या वाढत गेली. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या फेडोरा १६ मध्ये ही सीमा १००० वर नेली गेली, आणि २०१४ साली रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या सातव्या आवृत्तीनेही तीच स्वीकारली. सीमा हलविणे हे एका आकड्याचे काम होते. पण ५०० ते ९९९ मधील जुनी माणसे व त्यांच्या फाइली आपोआप हलत नव्हत्या. जुनी व नवी यंत्रे जेथे फाइली वाटून घेत, तेथे व्यवस्थापकाला एक तर जुनी सीमा कायम ठेवावी लागे किंवा प्रत्येक फाइलीची मालकी फिरवावी लागे.

समान सीमा म्हणजे समान वाटणी, असेही नाही. डेबियनवर १ हा 'डीमन' व २ हा 'बिन'. रेड हॅटवर नेमके उलट. वेब-सेवेचा क्रमांक डेबियनवर ३३, तर रेड हॅटवर ४८. गट-क्रमांक २० हा ॲपलच्या मॅकवर 'स्टाफ' या सर्वसाधारण गटाचा, तर डेबियनवर दूरध्वनी-मोडेम वापरू शकणाऱ्या 'डायलआउट' गटाचा आहे. मॅकवरून आणलेली फाइल डेबियनवर या दुसऱ्याच गटाची होऊन बसते, आणि पाहणारा बुचकळ्यात पडतो. मॅकवर माणसांचा आरंभ ५०१ पासून आणि फ्रीबीएसडीवर १००१ पासून होतो. वंश एक, पण प्रत्येक शाखेचे कुलाचार निराळे.

येथे गटांच्या मालिकेविषयीही सांगणे अवश्य आहे. वापरकर्ता-क्रमांक १००० व गट-क्रमांक १००० या कर्नलच्या दृष्टीने अगदी भिन्न गोष्टी आहेत. तरीही आज त्या बहुधा जोडीने दिसतात. कारण प्रत्येक माणसाला त्याच्याच नावाचा व शक्यतो त्याच आकड्याचा खासगी गट देण्याची पद्धत रेड हॅटने रूढ केली व इतरांनीही ती उचलली. त्यामुळे गटांच्या सीमाही वापरकर्त्यांच्या सीमांना समांतर पडल्या.

६. बत्तीस बिटांचा विस्तार

जानेवारी २००१ मध्ये आलेल्या लिनक्स २.४ ने बत्तीस बिटांचे क्रमांक स्वीकारले व उपलब्ध संख्या ४,२९,४९,६७,२९६ झाली. जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून जुन्या विनंत्या तशाच ठेवून बत्तीस बिटांच्या नव्या विनंत्या वेगळ्या दिल्या गेल्या. आणि जुन्या प्रोग्रामला न मावणारा मोठा क्रमांक दाखवावयाचा झाल्यास त्याऐवजी ६५५३४ दाखविण्याचे ठरले. नोबडीला अशा रीतीने आणखी एक काम लागले. ईएक्सटी२ या फाइल-व्यवस्थेच्या आयनोडमध्ये क्रमांकाचे वरचे सोळा बिट राखीव जागेत साठविले गेले. उणे १ व उणे २ यांची नवी रूपे, म्हणजे ४२९४९६७२९५ व ४२९४९६७२९४, नव्या टोकाशी निषिद्ध ठरली. जुन्या टोकाची ६५५३५ व ६५५३४ ही रूपेही निषिद्ध किंवा राखीवच राहिली.

या नव्या विस्तारात मोठ्या संस्थांना जागा मिळाली. फ्रीआयपीए ही संस्था-व्यापी ओळख-व्यवस्था स्थापनेच्या वेळी २,००,००० क्रमांकांचा एक पट्टा यदृच्छेने निवडते. पुढे दोन संस्था एकत्र आल्या तर त्यांचे क्रमांक एकमेकांवर चढू नयेत, हा त्यातील हेतू आहे. वाटणीत यदृच्छेचा आश्रय घ्यावा लागणे याचा अर्थ इतकाच की, सर्व जगाला लागू होईल असा क्रमांक-नोंदणीचा दप्तरखाना यूनिक्सच्या परंपरेत कधीच नव्हता.

७. माणसाकडून प्रोग्रामाकडे

अँड्रॉइडने या पद्धतीचा अर्थच पालटला. ज्या दूरध्वनीचा वापरणारा एकच, तेथे माणसामाणसांतील भेदाला प्रयोजन नव्हते. म्हणून प्रत्येक ॲपला स्वतंत्र वापरकर्ता-क्रमांक दिला गेला. ॲपसाठी १०००० ते १९९९९ हा पट्टा आहे. प्रणालीच्या सेवा त्याखाली १००० च्या आसपास आहेत. जो १००० हा आकडा लिनक्सच्या मेजावरील यंत्रावर पहिल्या माणसाचा, तोच येथे प्रणालीचा झाला. पुढे एका यंत्रावर अनेक माणसांची सोय करावयाची वेळ आली तेव्हा प्रत्येकाला १,००,००० क्रमांकांचा ठोकळा दिला गेला. त्यामुळे १०१००५७ या आकड्यातील शेवटचे पाच अंक ॲप सांगतात व त्याआधीचे १० हे माणूस सांगतात.

सर्व्हरवर असाच पालट २०१३ च्या लिनक्स ३.८ नंतर घडून आला. या आवृत्तीपासून वापरकर्ता-नामक्षेत्रे पूर्णत्वास आली. त्यांच्या योगाने एका बंदिस्त कक्षातील ० हा बाहेर, उदाहरणार्थ, १००००० मानला जातो. आतला प्रोग्राम स्वतःला रूट समजतो. बाहेर तो एक सामान्य क्रमांक असतो. यासाठी प्रत्येक वापरकर्त्याला बहुधा १००००० पासून पुढे ६५,५३६ क्रमांकांचे ठोकळे तोडून दिले जातात. हा ठोकळा सोळा बिटांचा आहे, हे विशेष होय. १९७९ साली जे संपूर्ण विश्व होते, ते आज एका भाडेकरूला द्यावयाच्या खोलीएवढे झाले आहे. दुसऱ्या टोकास सिस्टिमडी ही व्यवस्था ६११८४ ते ६५५१९ या पट्ट्यातील क्रमांक सेवेला ती चालू असेपर्यंतच उसने देते व सेवा संपली की परत घेते. परत घेतलेला क्रमांक दुसऱ्याला जाणार. म्हणूनच अशा सेवेला मागे फाइली ठेवण्यावर कडक बंधने घालावी लागतात.

८. संकेत मोडल्याचे परिणाम

हे संकेत केवळ सोयीचे नव्हेत, हे दोन अलीकडील प्रसंगांवरून स्पष्ट होते. डिसेंबर २०१८ मध्ये पोलकिट या परवानगी देणाऱ्या घटकात एक दोष उघड झाला. ज्याचा क्रमांक २१४७४८३६४७ पेक्षा मोठा आहे, अशा सामान्य वापरकर्त्याला प्रणाली-सेवांवरील कोणतीही आज्ञा चालविता येत होती. कारण एवढेच की, कर्नलने क्रमांक धनच मानला होता, तर त्या घटकाने तो धन-ऋण अशा दोन्ही चिन्हांचा धरला होता. बत्तीस बिटांच्या चिन्हयुक्त संख्येची मर्यादा नेमकी तेथे संपते.

ऑक्टोबर २०१९ मधील दुसरा प्रसंग सुडो या प्रोग्रामचा. 'रूट सोडून कोणाच्याही नावाने आज्ञा चालवावी' अशी परवानगी ज्याला दिली आहे, त्याने उणे १ किंवा ४२९४९६७२९५ हा क्रमांक मागितला, तर त्याची आज्ञा रूटच्याच अधिकाराने चालत असे. सुडोच्या दृष्टीने हा क्रमांक ० नव्हता, म्हणून मागणी रास्त ठरली. कर्नलच्या दृष्टीने उणे १ म्हणजे 'आहे तोच राहू द्यावा', आणि सुडो स्वतः ० या क्रमांकाने चालत होता. जो क्रमांक कोणालाही द्यावयाचा नाही असा चार दशकांचा संकेत होता, तो मागण्यास मनाई करण्याचे तेवढे राहून गेले होते. १.८.२८ या आवृत्तीत ती दुरुस्ती झाली.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. यंत्राने स्वतः विशेष मानलेले क्रमांक दोनच : सर्वाधिकाराचा ० आणि 'क्रमांक नाही' असे सुचविणारा उणे १. बाकीच्या सर्व सीमा करारांच्या आहेत, आणि प्रत्येक करारावर तो ज्या काळी झाला त्या काळच्या यंत्राचा व संस्थेचा ठसा आहे. दुसरे असे की, विस्ताराने जुन्या सीमा पुसल्या नाहीत. नव्या सीमा त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे, असे की, नाव हे या व्यवस्थेत क्रमांकावर डकविलेली चिठ्ठी आहे; खरी सनद क्रमांकाची आहे. गेलेल्या माणसाचा क्रमांक पुन्हा कोणास द्यावा की न द्यावा, हा साधा वाटणारा निर्णय म्हणूनच त्याच्या मागे राहिलेल्या प्रत्येक फाइलीच्या वारसाहक्काचा निर्णय असतो. तो निर्णय कर्नल घेत नाही. ज्या त्या यंत्राच्या व्यवस्थापकाने तो जाणून घ्यावा लागतो. त्याने न घेतल्यास पुढचा मोकळा आकडा तो घेतो.